उरलेला न

ओनीच्या वर, जिथे डांबर संपतं,
तिथे चीजवाल्यांच्या सोसायटीत दूध मोजायचं यंत्र आहे.
त्याचा प्रोग्रॅम माझा.
दोन किलोबाइटांत बसवलाय,
पाहुणे वाढले नि पीठ तेवढंच, तसा.

कार्ड टेकवलं की हिरव्या पट्टीवर नाव येतं,
नावाखाली वजन.
जुंबरचा कुताइसीला फोन आला :
"तुझं यंत्र मक्वालाला मक्वालान म्हणतंय.
बाया हसतात. डोकेदुखीची गोळी वाटते म्हणे."
"कधीपासून?"
"झाले दोन महिने."
"आणि आत्ता सांगतोस?"
"ती सांगू देत नव्हती."

मग गाडी, वळणं, खाली बर्फ वितळून गढूळलेली रिओनी.
वायर जोडली. लॅपटॉपवर आकडे सांडले
फाटक्या गोणीतून सांडावेत तसे.

यंत्राला अक्षर ठाऊक नसतं.
त्याच्याकडे असतात शून्य ते दोनशे पंचावन्न एवढेच आकडे,
आणि आपण कशाचे आहोत हे ते सांगत नाहीत.
बहात्तर.
वजन म्हणून वाचा : सात किलो दोनशे.
अक्षर म्हणून वाचा : इंग्रजीतला एच.
वाचाल ते निमूट होतात.

आमच्या लिपीतलं एकेक अक्षर तीन बाइटांचं.
पहिले दोन सगळ्यांचे तेच,
दोनशे पंचवीस, एकशे एकतीस,
एका घराण्याचं आडनाव असावं तसे.
माणूस कळतो तिसऱ्यावरून.

बोट ठेवून मोजत गेले.
एकशे पंचावन्न, म. एकशे चव्वेचाळीस, अ.
असं सातव्या अक्षरापर्यंत. एकवीस बाइट.
इथे मक्वाला संपते.
पण संपली असं सांगणारं पुढे काहीच नव्हतं.
पुढे परत दोनशे पंचवीस,
परत एकशे एकतीस,
मग एकशे छप्पन्न. न.
आणि पंचविसाव्या जागी, शेवटी एकदाचं, शून्य.

"हे खातं आधी कुणाचं होतं?"
जुंबरने टोपी काढली.
"बेसारिओनचं. फेब्रुवारीत गेला.
मी फक्त नाव बदललं."

आठ अक्षरांवर सात अक्षरं लिहिली गेली.
नावामागून शून्य लिहायचं असतं,
ते मी विसरले होते, तीन वर्षांपूर्वी, एका ओळीत.
त्याचा न राहिला तिच्या नावाला लागून,
आणि ती जिथे येऊन थांबत होती
ते शून्यही त्याचंच.

मक्वाला बादली ठेवून मागेच उभी होती.
तिने चष्मा काढून पदरासारखा एप्रनला पुसला.
"ह्यातला तो कुठला?"
मी एकशे छप्पन्नवर बोट ठेवलं.
"आणि माझा पहिला?"
"एकशे पंचावन्न."
"शेजारीच की," ती म्हणाली.

मी थांबले. घाई तिनेच केली.
"बँक पैसे देत नाही, मुली.
मक्वालान नावाची कुणी बाई नाही म्हणते.
पूस."

बाविसाव्या जागी शून्य लिहिलं.
प्रोग्रॅममधली ती ओळही, बाकीच्यांसाठी.
तिने कार्ड टेकवलं.
मक्वाला. सात किलो दोनशे.
कुणी हसलं नाही.
ती पट्टीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली,
मागची बाई म्हणाली, दूध नासेल, चला.

एक तिला सांगितलं नाही.
शून्य एकाच बाइटाचं असतं.
त्याने न चं फक्त डोकं घेतलं.
एकशे एकतीस नि एकशे छप्पन्न
अजून तिथेच आहेत, शून्याच्या पलीकडे,
कुणालाच अक्षर म्हणून वाचता येणार नाहीत असे.
सगळं धुऊन काढणारी ओळ मला येते.
अर्ध्या मिनिटाचं काम.

जुंबरने काचेतून चीजचा गोळा आत दिला,
गाडीच्या टपावर पावती ठेवून विचारलं,
"काय लिहू?"
"लिही, दुरुस्ती, एक बाइट."